स्वखुशीने

"आजी, बघून घ्या आणि इथं सही करा," शाळेच्या मोठ्या बाई म्हणाल्या आणि कागद टेबलावरून माझ्याकडं सरकवला.

मला आजी म्हणणारी माझी एकच नात, आणि ती बाहेर बाकावर बसली होती. जयसिंगपुरात बाकी सगळे मला आक्का म्हणतात. आक्का मगदूम, भडंगवाल्या. ही बाई माझ्याहून दहा वर्षांनी लहान असेल नसेल, पण खुर्चीवर बसून समोरच्याला म्हातारं करायची खोड असते काही जणांना.

"कसला कागद?" मी विचारलं.

"नेहमीचाच. मृण्मयीचं पुढचं बघायला लागेल ना. तिसरी संपत आली, पोरीला अजून दोन ओळी धड वाचता येत नाहीत. चौथीला स्कॉलरशिपचं वर्ष असतं आमच्याकडं." त्यांनी पेन पुढं केलं. "वाचून घ्या हवं तर."

शिपाई दारात उभा होता. मी पिशवीतून चष्मा काढला, कागद वरपासून खालपर्यंत बघितला आणि सही केली. पालक म्हणून शाळेत माझंच नाव होतं. घर माझं, कढई माझी, मग पालकाच्या रकान्यात लेकाचं नाव कशाला, असं म्हणून मीच ते लावून घेतलं होतं.

निकालाच्या दिवशी सगळ्या पोरांना निकालपत्रक मिळालं आणि मिनूला, आमच्या मृण्मयीला, शाळा सोडल्याचा दाखला. सोबत माझ्या सहीच्या कागदाची प्रत. माझा लेक अभिनंदन तो कागद घेऊन कढईपाशी आला तेव्हा मी लसूण परतत होते.

"आई, हे काय केलंस? यात लिहिलंय, 'आमची मुलगी या शाळेच्या अभ्यासक्रमास योग्य नसल्याने आम्ही तिला स्वखुशीने शाळेतून काढून घेत आहोत.' खाली तुझी सही आहे."

लसूण करपला. आयुष्यात दोनदाच करपला असेल माझा, त्यातला तो एक.

"असलं काही नव्हतं त्यावर," मी म्हणाले. "खास शिकवणीचा अर्ज होता. मी शब्द न् शब्द वाचला. तिनं कागद बदलला, सटवीनं."

माझी सून त्रिशला मागं उभी होती. तिनं माझ्याकडं बघितलं आणि कढईखालचा जाळ बारीक केला.

यातून पुढं आम्ही पालकांनी जी संस्था काढली, तिच्या दहा वर्षांच्या अंकात असं छापलंय की एका आजींची फसवणूक झाली आणि त्या संतापातून पालक एकत्र आले. शंभर कार्यक्रमांत हेच सांगितलं गेलं, मीही मान हलवत ऐकलं. त्यात संताप खरा आहे. बाकीचं आज सांगते.

त्या सहीच्या आधीच्या दोन वर्षांत आमच्या घरात काय चाललं होतं ते आधी सांगायला हवं. मिनू तोंडी विचारलं तर सगळं सांगायची. कुठल्या पोत्यात किती चुरमुरे उरलेत, कुठल्या दुकानाला किती पाकिटं गेली, सगळं. पुस्तक उघडलं की तिचं तोंड उतरायचं. घर लिही म्हटलं की धर लिहायची, भात म्हटलं की मात. शाळेत तिला बाकावर उभी करून वाचायला लावायचे आणि वर्ग हसायचा. घरी आली की दप्तर पोत्यांच्या मागं लपवायची.

मी दोष शोधून ठेवला होता. त्रिशलाचा भाऊ भूपाल. तो सहावीत शाळा सोडून बसलेला आणि कुरुंदवाडला पंपाच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून द्यायचं दुकान चालवायचा. मिनूच्या आठव्या वाढदिवसाला तो आला होता. चारचौघांत मिनूला केकवरचं स्वतःचं नाव वाचता आलं नाही, तेव्हा मी हसत म्हणाले, "मामावर गेली पोरगी. मंदच तो. आमच्या घरात असलं नव्हतं कधी." नाव मुळात असलं लिहायला अवघड ठेवलं होतं लेका-सुनेनं, मृण्मयी, पण ते मला त्या वेळी सुचलं नाही. भूपालनं हातातली केकची ताटली खाली ठेवली आणि निघून गेला. दीड वर्ष झालं, तो आमच्या उंबऱ्याला आला नव्हता. राखीला त्रिशलाच जायची.

मग दाखल्यानंतर मिरजेच्या तारळेकर मॅडम आल्या. त्या असल्या पोरांना तपासतात. दोन दिवस मिनूशी बोलल्या, चित्रं दाखवली, ठोकळे मांडायला लावले, आणि म्हणाल्या, डिस्लेक्सिया. पोरगी हुशार आहे, फक्त अक्षरं तिच्याजवळ नीट थांबत नाहीत, वेगळ्या पद्धतीनं शिकवली तर वाचेल. अशी पोरं गावात अजून आहेत, म्हणाल्या, पण पालक लपवतात. तुम्ही पालकांनी मिळून काहीतरी उभं करा, एकेकट्यानं शाळा ऐकणार नाही.

अभिनंदननं दारोदार फिरून माणसं गोळा केली. रविवारी दुपारी, कढई बंद असताना, आमच्या शेडमधे सगळे जमले. बसायला चुरमुऱ्यांची पोती. सलीम मुल्ला आणि त्याची बायको रेहाना, ते वेल्डिंगवाले. त्यांचा मुलगा पाचवीत दोनदा बसला होता. वंदना कोळी सरकारी दवाखान्यात नर्स, तिच्या मुलीचंही तेच. कॉलेजात अर्थशास्त्र शिकवणारे खाडे सर. त्यांचा मुलगा इंग्रजी शाळेत, आणि त्यांनी येताना स्कूटर दोन गल्ल्या पलीकडं लावली होती. आम्ही घरचे तिघं. तारळेकर मॅडम नुसत्या सल्ल्याला आल्या होत्या. नोंदणीला सात जण लागतात, त्यांना सोडून आम्ही बरोबर सातच होतो.

नावावरून अर्धा तास गेला. खाडे सरांना 'अध्ययन अक्षमता निवारण मंडळ' हवं होतं.

"हे नाव वाचतानाच आमचं पोरगं पळून जाईल," सलीम म्हणाला.

"आमच्या पोराला डोकं आहे," रेहाना म्हणाली. "त्याला कुणी सवड देत नाही, एवढंच."

"मग 'सवड' म्हणा की," वंदना म्हणाली, आणि ते ठरलं.

मग अभिनंदननं संस्थेचं पहिलं काम वाचून दाखवलं. जिल्ह्याच्या शिक्षणाधिकाऱ्यांकडं तक्रार, मिनूला शाळेत परत घ्यावं म्हणून. तिच्या मागोमाग बाकीच्या पोरांची. तिची तक्रार टिकली तर कुठलीच शाळा असं पोर हाकलायला धजणार नाही, आणि पडली तर सगळ्या शाळांना रस्ता मोकळा. तक्रारीत लिहिलं होतं, मुख्याध्यापिकांनी आजींना एक कागद दाखवून दुसऱ्यावर सही घेतली.

"सात सह्या," अभिनंदन म्हणाला आणि कागद सरांपुढं धरला.

सरांनी कागद घेतला नाही. "माझं नाव नको. मिसेसचं घाला."

"का?" मी म्हणाले. "पोरगं तुमचं नाही? बाईंनी एकटीनं बाजारातून आणलं?"

सलीम हसला. सर लाल झाले. "आक्का, मी स्पष्ट बोलतो. मोठ्या बाई सांगतात, तुम्ही चष्मा लावून कागद वाचलात. शिपाई साक्षीला आहे. तुम्ही म्हणता बदलला. उद्या साहेबांपुढं एकजण खोटा पडणार. खोट्या कागदावर सही करून मी कॉलेजात तोंड दाखवू?"

"म्हणजे मी खोटं बोलते?"

"मी फक्त विचारतोय."

"विचारायला माझ्याच घरात आलात? माझ्या पोत्यावर बसून?" माझा आवाज पत्र्याला लागला. "चाळीस वर्षं धंदा करते या गावात. एक माणूस दाखवा, आक्का खोटं बोलली म्हणणारा."

तारळेकर मॅडम मधे पडल्या. "भांडू नका. ही लपवायची गोष्ट नाही, सर. बऱ्याचदा हे घराण्यातून येतं. आजोबा, आत्या, मामा, कुणाला तरी असतं. कुणाची चूक नसते त्यात."

"आमच्या घरात कुणालाच नाही," सर लगेच म्हणाले.

"आमच्यातही नाही," मी म्हणाले. "आमच्यात आलं ते हिच्या भावाकडून. तो मंद निघाला, त्याचं भोगतोय आम्ही."

मी रागात होते, आणि राग आला की हात जवळच्या माणसावर पडतो. त्रिशला सगळ्यांना चहा देत होती. तिनं कपांचा ट्रे एका डब्यावर ठेवला, पदराला हात पुसले, अभिनंदनसमोरच्या फायलीतून शाळेच्या कागदाची प्रत काढली आणि माझ्या हातात दिली.

"आई, यातलं कुठलं वाक्य बदललंय, ते सगळ्यांना दाखवा. सरांची शंका फिटेल."

"आता चष्मा नाही माझ्याजवळ."

शेडच्या दारात मिनू उकिडवी बसून ऐकत होती. ती घरात पळाली आणि चष्मा घेऊन आली. "आज्जी, हा घे. देवाजवळ ठेवला होतास." तिला वाटलं, ती मला वाचवतेय.

मी चष्मा लावला.

मला सही येते. सही म्हणजे चित्र आहे, ते मी नवऱ्याकडून शिकले आणि घटवून घटवून पक्कं केलं. आकडे येतात, आकड्यांत मला कुणी हरवणार नाही. पाकिटांना तिखटाला लाल आणि साध्याला हिरवा कागद मी लावला, लोक म्हणाले आक्काचं डोकं बघा. लग्नपत्रिका आली की मी म्हणायची, "त्रिशला, चष्मा कुठं गेला बघ, तोवर वाच जरा कुणाची आहे." बारा वर्षं ती वाचत होती.

आणि आता तोच कागद. पहिल्या ओळीत काहीतरी 'म' होतं, का 'भ'. पुढं जाऊन परत आले तर ते हललेलं. सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते. त्रिशलासुद्धा. तिच्या नजरेत दया असती तर मी तो कागद फाडून तिच्या अंगावर फेकला असता. तिच्या नजरेत राग होता, आणि मला तेवढ्यानंच आधार वाटला.

"मला वाचता येत नाही," मी म्हणाले.

मी चष्मा काढून हातात धरला.

"त्या दिवशीही वाचला नव्हता. नुसता बघितला. बाईंनी कागद बदलला नाही. हाच होता."

अभिनंदन म्हणाला, "आई, तू तिसरीपर्यंत शिकलीस ना? आजोबांनी भावंडं सांभाळायला काढली म्हणून..."

"आजोबा बिचारे पाया पडत होते शाळेत जा म्हणून. मी गेले नाही. तीन वर्षं गेले होते. घर काढ म्हटलं की माझं धर व्हायचं. गुरुजी तळव्यावर छडी मारायचे, तरी जमेना म्हणून पोटऱ्यांवर. शेवटी मी पंचगंगेच्या काठाला जाऊन बसायला लागले. भावंडांचं मीच रचलं."

घर आणि धर हे शब्द तोंडातून निघाले तेव्हा तारळेकर मॅडमनी मान वर केली. त्यांना कळलं होतं. सगळ्यांनाच कळलं. मिनूला सगळ्यात आधी कळलं असणार, ती दारात उभी राहिली होती.

पहिल्यांदा वंदना बोलली, आणि दयेनं नाही, दवाखान्यात डॉक्टरला बोलते तशी. "मग तक्रार बदला. आमच्याकडं ऑपरेशनच्या आधी सही घेतात, तेव्हा ज्याला वाचता येत नाही त्याला कागद वाचून दाखवावा लागतो. खाली लिहितात, 'वाचून दाखवले, समजले, मान्य.' ते नसलं तर आमचीच चौकशी लागते. शाळेच्या या कागदावर कुठं आहे वाचून दाखवल्याचं? आणि पोरीचे आईबाप जिवंत असताना त्यांना न विचारता आजीची सही घेऊन पोरगी काढली. हे खरं आहे, आणि हेच जास्त जोरदार आहे."

"पण मग आक्कांना लिहून द्यावं लागेल," सलीम म्हणाला. "वाचता येत नाही म्हणून."

"साहेबांपुढं," वंदना म्हणाली. "शाळेपुढं."

म्हणजे गावापुढं. ज्या बाईनं मला आजी म्हणून पेन पुढं केलं, तिच्यापुढं. मी अभिनंदनकडं बघितलं. त्यानं पेन खाली ठेवलं. "आई, तुला नको असेल तर दुसरं काहीतरी बघू."

"दुसरं काय बघणार? तुझं डोकं?" मी म्हणाले. "लिही. आणि 'अडाणी' हा शब्द घालायचा नाही. लिही की शाळेत गेले होते, तीन वर्षं, आणि शाळेला मला शिकवता आलं नाही."

तो लिहू लागला. मधेच खाडे सर उठले. मला वाटलं, निघाले. ते पाण्याच्या माठापाशी गेले, पेलाभर पाणी प्यायले आणि तिथूनच, आमच्याकडं पाठ करून म्हणाले, "माझे वडील रोज पेपर घ्यायचे. डोळे दुखतात म्हणायचे आणि माझ्याकडून वाचून घ्यायचे. मी बी.ए. होईपर्यंत."

"मग आता कुणाचं नाव घालायचं?" मी विचारलं. "मिसेसचं?"

"माझं," ते म्हणाले. "अध्यक्ष करू नका म्हणजे झालं."

सात सह्या झाल्या. माझी सातवी.

त्यानंतर नऊ दिवस त्रिशला माझ्याशी बोलली नाही. जेवण वाढायची, गोळ्या द्यायची, शब्द नाही. दारात तीन पत्रिका येऊन पडल्या, तिनं उचलून माझ्या पुढ्यात ठेवल्या आणि निघून गेली. कुणाकुणाची लग्नं झाली ते मला नंतर त्यांच्या रुसव्यावरून कळलं. अभिनंदन म्हणाला, तिची समजूत काढ. मी म्हणाले, मी सगळ्यांसमोर अंगावरची साल काढून दिली, अजून काय काढू.

दहाव्या दिवशी कोल्हापूरला सुनावणी होती. आम्ही तिघं आणि वंदना गेलो. मोठ्या बाई शाळेच्या दोन माणसांना घेऊन आल्या होत्या. साहेबांनी माझा जबाब मोठ्यानं वाचला. 'शाळेला मला शिकवता आलं नाही' इथं ते थांबले आणि त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. मी त्यांच्याकडं बघत राहिले.

"यांनी सांगितलंच नाही वाचता येत नाही म्हणून," मोठ्या बाई म्हणाल्या. "चष्मा लावला, मान डोलावली. आम्हाला काय स्वप्न पडणार?"

"खरं आहे," मी म्हणाले. "मी लपवलं. साठ वर्षं लपवतेय, तुम्हाला पाच मिनिटांत कसं कळणार? पण बाई, तुम्ही पोरांना वाचायला शिकवता ना? समोरचं माणूस वाचतंय का नुसतं बघतंय, हे तुम्हाला ओळखता येत नसेल, तर माझी नात तीन वर्षं तुमच्या वर्गात काय करत होती हे तुम्हाला काय दिसलं असणार?"

वंदनानं माझा पदर ओढला. साहेब म्हणाले, "आजी, पुरे," आणि मग बाईंना विचारलं, "मुलीच्या आईवडिलांना का बोलावलं नाही?" बाई शाळेच्या माणसांकडं बघायला लागल्या. दाखला रद्द झाला. मिनूला चौथीत घ्यायचं, पेपरला जास्त वेळ द्यायचा, आणि भाषेची परीक्षा तोंडी घ्यायची, असं लिहून मिळालं. तो कागद वंदनानं मला तिथंच, जिन्यात उभं राहून, पूर्ण वाचून दाखवला.

स्टँडवर आलो. जयसिंगपूरची गाडी लागायला वेळ होता. अभिनंदन पेढे आणायला गेला आणि वंदना त्याच्याबरोबर. मी बाकावर बसले. गुडघे दुखत होते, पण अंगात वारं होतं. सगळं झालं होतं, मी करून दाखवलं होतं. आता तरी सुनेनं बोलावं, असं माझ्या मनात होतं, आणि ती बोलली.

"झालं तुमचं?" त्रिशला म्हणाली.

"काय झालं?"

"साहेबांपुढं बोललात. शेडमधे बोललात. सगळे म्हणतात आक्का वाघीण आहे. ज्याला बोलायला पाहिजे त्याला कधी बोलणार?"

मी अभिनंदन गेला त्या बाजूला बघितलं.

"मला पहिल्या वर्षीच कळलं होतं, तुम्हाला वाचता येत नाही. माझ्या आईचं पत्र आलं होतं. तुम्ही ते उघडून बघितलंत आणि मला म्हणालात, सगळं ठीक आहे म्हणते. त्यात माझे वडील दवाखान्यात असल्याचं लिहिलं होतं. तेव्हाही मी बोलले नाही. बारा वर्षं तुमची अब्रू झाकली मी. आणि तुम्ही माझ्या भावाची काढलीत, माझ्या पोरीच्या वाढदिवसाला, लोकांसमोर. तुम्हाला माहीत होतं आई. मिनूनं पहिल्यांदा घरचं धर केलं तेव्हाच तुम्हाला माहीत होतं, हे कुठून आलंय."

पोरीनं पहिलीत पाटीवर 'धर' लिहिलं तेव्हा मी ती पाटी हातानं पुसली होती. त्रिशला तिथं नव्हती. तरी तिला माहीत होतं.

"माझ्यावर गेली असेल असं कुणी म्हणायच्या आधी मी दुसऱ्याचं नाव घेतलं," मी म्हणाले.

"ते मला नका सांगू." तिनं समोरच्या एस.टी.डी.च्या बूथकडं बोट केलं. "त्याला फोन लावा."

"घरी गेल्यावर लावते."

"इथून. आत्ता."

बूथचं काचेचं दार निखळलेलं होतं, दोरीनं बाजूला बांधून ठेवलेलं. शेजारी चहाचा गाडा, त्यापुढं इचलकरंजीच्या गाडीची रांग. त्रिशला आकडे सांगत गेली, मी दाबत गेले. आकडे मला येतात.

"बोला," भूपालचा आवाज आला. मागं मोटार घरघरत होती.

"मी आक्का. मिनूची आज्जी."

मोटार घरघरत राहिली. "काय काम होतं?"

"मिनूचं जे आहे ते तुझ्याकडून आलेलं नाही," मी म्हणाले. "माझ्याकडून आलंय. मलाच वाचता येत नाही. तुला मंद म्हणाले ते माझं पाप होतं."

"काय? ऐकू येत नाही. मोटार चालू आहे. मोठ्यानं बोला."

ऐकू आलं होतं त्याला. मीही धंद्यात आयुष्य घालवलंय, माणसाला कधी ऐकू येत नाही ते मला कळतं. मी त्रिशलाकडं बघितलं. ती बूथला पाठ लावून, हाताची घडी घालून उभी होती आणि रांगेकडं बघत होती.

मग मी मोठ्यानं बोलले. कढईपाशी बोलते त्या आवाजात. मला वाचता येत नाही, मला कधीच येत नव्हतं, पोरगी माझ्यावर गेलीय, आणि मी तुझ्यावर ढकललं. चहाच्या गाड्यावरचा माणूस गाळणी तशीच धरून बघत राहिला. रांगेतली माणसं वळली. पेढ्याचा पुडा घेऊन अभिनंदन परत येत होता, तो जागेवर थांबला.

पलीकडं मोटार बंद झाली.

"आता सांगा," भूपाल म्हणाला. "आता ऐकतोय."

मी पहिल्यापासून परत सांगितलं.